निवासी डॉक्टरच्या एका तासाचा हिशेब : अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, पुरवणी मागण्या सभागृहासमोर येतात, आणि त्यात निवासी डॉक्टरांचे (एमबीबीएसनंतर एमडी-एमएस शिकता शिकता रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांचे) विद्यावेतन, वसतिगृह किंवा वाढीव पदव्युत्तर जागा असा काही विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. संघटना वाढ मागते, वित्त विभाग तिजोरीवर बोजा किती पडेल ते विचारतो, आणि शेवटी मधला एखादा आकडा ठरतो. या बोज्यासमोर जमेच्या बाजूला काय आहे, हे मात्र कुणी कागदावर मांडत नाही. ती बाजू मांडावी, आणि ती मांडताना खर्चाची खरी बाजूही झाकून ठेवू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

मुळात हिशेबाची रचनाच अशी आहे की ही तुलना होत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात २२१० हे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचे प्रधान शीर्ष. त्याखाली नागरी आरोग्य सेवा वेगळी आणि वैद्यकीय शिक्षण, प्रशिक्षण व संशोधन वेगळे. निवासी डॉक्टर विद्यार्थी म्हणून येतो, म्हणून त्याच्यावरचा पैसा शिक्षणाचा खर्च समजला जातो. पण तो रात्री अडीचला कॅज्युअल्टीत छातीत नळी घालतो, तेव्हा ते काम रुग्णसेवेत मोजले जाते. नावे (म्हणजे खर्च) एका वहीत आणि जमा दुसऱ्या वहीत असेल, तर तो कायम तोट्याचाच दिसणार.

नागपुरात हे सर्वांत ठळक दिसते. १९४७ पासूनचे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), १९६८ पासून महाविद्यालय झालेले मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), २०१८ मध्ये सुरू झालेले एम्स आणि हिंगण्याकडची खासगी महाविद्यालये, एवढ्या संस्था एका शहरात आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया तर आहेतच, शिवाय छिंदवाडा, सिवनी, बालाघाटहून रेफर झालेला रुग्णही इथेच येतो. तो बहुधा संध्याकाळनंतर पोहोचतो, आणि त्याला पहिला हात लावणारा डॉक्टर जेआर-१ किंवा जेआर-२ (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर) असतो.

आता हिशेब. शस्त्रक्रियेचा एक विभाग कल्पू या : पाच युनिट (एका प्रमुखाखालचे डॉक्टरांचे गट), प्रत्येकात सहा, असे ३० निवासी डॉक्टर. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने विद्यावेतनात १०,००० रुपयांची वाढ मंजूर केली. हिशेबाच्या सोयीसाठी दरमहा ८५,००० धरू. माणशी वर्षाला १० लाख २० हजार, तीस जणांचे ३ कोटी ६ लाख. आठवड्याला ८० तास काम धरले (इमर्जन्सीच्या आठवड्यात ते शंभरीच्या पुढे जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे), तर वर्षाचे साधारण ४,००० तास होतात. तीस जणांचे १ लाख २० हजार तास. म्हणजे शासनाला निवासी डॉक्टरचा एक तास २५५ रुपयांना पडतो.

याच्या शेजारी वैद्यकीय अधिकारी ठेवा. सर्व भत्ते धरून त्याला दरमहा १ लाख १० हजार पडतात असे मानू. आठवड्याला ४८ तास, त्यातून रजा वजा केल्या की वर्षाला सुमारे २,१७६ तास हाती लागतात. त्याचा एक तास ६०७ रुपयांचा. आणि कंत्राटी परिचर किंवा डेटा एंट्री करणारा मनुष्य दरमहा २०,००० धरला, तर तेवढ्याच तासांच्या हिशेबाने त्याचा तास ११० रुपयांचा. २५५, ६०७ आणि ११० हे आकडे आपल्या वित्त अधिकाऱ्यांनी स्वतःच्या वेतनपटावरून पुन्हा काढावेत. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतील, पण त्यांचा क्रम बदलणार नाही.

निवासी डॉक्टरचे सगळे ४,००० तास डॉक्टरकीचे नसतात, हे आधी मान्य करायला हवे. आमच्या अंदाजाने त्यातला पाव भाग शिकण्यात जातो : सेमिनार, जर्नल क्लब, प्रबंध, राउंडवरची प्रश्नोत्तरे, ओटीत (शस्त्रक्रियागृहात) नुसते उभे राहून बघणे. आणखी पाव भाग ज्याला डॉक्टर लागतच नाही अशा कामात जातो. उरलेला निम्मा भाग, म्हणजे ६०,००० तास, हे खरे डॉक्टरचे काम. तेवढे तास भरायला २८ वैद्यकीय अधिकारी लागतील आणि त्यांचा वर्षाचा खर्च होईल ३ कोटी ७० लाख. विद्यावेतन आहे ३ कोटी ६ लाख. म्हणजे ६४ लाख शिल्लक दिसतात.

पण ती शिल्लक आम्ही नफा म्हणून मिरवणार नाही. शिकवायला शिक्षक लागतो. विभागात बारा शिक्षक असतील आणि त्यांच्या वेळेचा पाव भाग पदव्युत्तर शिक्षणाकडे जात असेल, तर तीन शिक्षकांचा पगार या खात्यावर टाकला पाहिजे. सरासरी दरमहा पावणेदोन लाख धरले तर ६३ लाख. ते मिळवले की दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत येतात. म्हणजे तीन वर्षांत तयार होणारा सर्जन राज्याला चालू खर्चात जवळपास फुकट मिळतो. ‘निवासी डॉक्टर शासनावरचा बोजा आहेत’ हे जसे खरे नाही, तसे ‘निवासी डॉक्टरांच्या जिवावर शासन कोट्यवधी कमावते’ हेही या हिशेबात बसत नाही. दोन्ही घोषणा आपण बाजूला ठेवाव्यात. खरा पैसा आहे तो वाया जाणाऱ्या त्या पाव भागात.

तो पाव भाग कसा तयार होतो ते पाहा. विद्यावेतन महिन्याला ठरलेले असते. निवासी डॉक्टरने आठवड्यात साठ तास काम केले काय आणि शंभर केले काय, बिल तेवढेच. त्यामुळे त्याचा वाढीव तास रुग्णालयाला शून्य रुपयांना पडतो. परिचराची पदे रिक्त राहिली, रात्री स्ट्रेचर ओढायला मामा नाही, रक्तपेढीत नमुना पोहोचवायला मावशी नाही, संगणकावर नोंद करायला माणूस नाही, तर रुग्णालय बंद पडत नाही. जेआर-१ ते काम करतो. पदे भरण्याचा प्रस्ताव मंत्रालयात फिरत राहतो आणि त्या विलंबाची किंमत कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही. ११० रुपयांचे काम २५५ रुपयांच्या माणसाकडून करून घ्यायचे आणि ते फुकटात झाले असे समजायचे, ही या व्यवस्थेतली सर्वांत महाग सवय आहे.

रक्ताचे नमुने हे एकच काम जवळून बघा. मेडिसिनच्या वॉर्डात पहाटे साडेपाच-सहाला जेआर-१ वीस-पंचवीस रुग्णांचे रक्त काढतो. नळ्या भरण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी निळ्या झाकणाची, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त ईडीटीए असते. रात्रभर जागलेल्या माणसाने जांभळी आधी भरली आणि त्याच सुईने पुढची भरली, किंवा एका नळीतले जास्तीचे रक्त दुसरीत ओतले, तर ईडीटीएचा अंश पुढच्या नळीत जातो. मग पोटॅशियम खोटे वाढलेले येते आणि कॅल्शियम खोटे कमी. सिरिंजमधले रक्त बारीक सुईतून जोराने नळीत ढकलले तर पेशी फुटतात, तेव्हाही पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते.

आता अहवाल आला ६.८. एवढे पोटॅशियम म्हणजे हृदय थांबण्याची भीती. लगेच ईसीजी, कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज. ज्याला यातले काहीच लागत नव्हते त्या रुग्णाची साखर इन्सुलिनने खाली जाते. मग दर तासाला साखर तपासा, पुन्हा रक्त काढा, पुन्हा प्रयोगशाळेत पळा. एक नमुना चुकला तर दुसरी तपासणी, तिचे रसायन, दोन-तीन तास आणि रुग्णाच्या जिवाला नसता धोका, एवढे होते. प्रशिक्षित रक्त-संकलक हेच काम रोज करतो, झोपून येतो, क्रम चुकवत नाही. नमुना काढणे डॉक्टरला यायलाच हवे, त्यासाठी पहिले दोन महिने पुरेत. पुढे वर्षभर रोज वीस नमुने काढून तो काही अधिक चांगला फिजिशियन होत नाही.

त्या कल्पित विभागात असे वाया जाणारे तास ३०,००० आहेत. ते करायला १४ माणसे लागतील : परिचर, रक्त-संकलक, वॉर्ड लिपिक. त्यांचा वर्षाचा खर्च ३४ लाखांच्या आत. त्यातून मोकळ्या झालेल्या तासांपैकी निम्मे विश्रांतीला दिले तर निवासी डॉक्टरचा आठवडा ८० तासांवरून ७० वर येतो, आणि उरलेले १५,००० तास सात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कामाएवढे होतात. त्यांची किंमत ९१ लाखांच्या घरात. ३४ लाख घालून ९१ लाखांचे डॉक्टरचे काम आणि वर आठवड्याला दहा तासांची झोप. यापेक्षा चांगला परतावा देणारी दुसरी मागणी आपल्या पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत सापडणे कठीण आहे. फक्त ही पदे ‘रुग्णालय’ म्हणून मोघम मंजूर करू नका. वॉर्ड आणि पाळी लिहून मंजूर करा, नाहीतर ती माणसे कार्यालयात फाइली उचलताना दिसतील आणि वॉर्डातली रात्र होती तशीच राहील.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट अशी आहे जी आमच्याच बाजूची मंडळी सहसा बोलत नाहीत : शिकणाऱ्या हाताला वेळ जास्त लागतो. दुर्बिणीने पित्ताशय काढायला तज्ज्ञाला पाऊण तास लागत असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला शिक्षकासमोर दीड तास लागतो. एका लिस्टवर (दिवसाच्या शस्त्रक्रियांच्या यादीवर) अशा तीन शस्त्रक्रिया असल्या की जास्तीचे सव्वादोन तास गेले. भूल देणारे आणि परिचारिका यांची पाळी संपते आणि शेवटचे दोन रुग्ण सकाळपासून उपाशी राहून दुपारी परत वॉर्डात जातात. युनिटचा पुढचा ओटी-दिवस तीन-चार दिवसांनी. दोन रुग्ण, प्रत्येकी साडेतीन दिवस, म्हणजे सात खाट-दिवस. आठवड्यातून एकदा हे घडले तर वर्षात साडेतीनशे. एक खाट वर्षभर नुसती वाट बघण्यात गेली. जागेवाचून परत पाठवलेले रुग्ण वेगळेच.

हा खर्च टाळता येत नाही, कारण हात असाच तयार होतो. कमी मात्र करता येतो. शिकण्याची केस लिस्टमध्ये पहिली घ्यावी, शेवटची कधीच नाही. भुलेची तपासणी आणि रक्ताची सोय आदल्या दिवशी पूर्ण झाल्याशिवाय नाव लिस्टवर चढू नये. टाके मारणे, गाठ बांधणे, दुर्बिणीतून दोन हात एकत्र चालवणे हे रुग्णावर नव्हे, सरावपेटीवर शिकवावे. तशी पेटी साध्या कॅमेऱ्यावर विभागातच बनवता येते. तिच्यासाठी मोठी निविदा काढून वर्ष घालवण्याची गरज नाही. खोली मात्र रात्रीही उघडी हवी, कारण निवासी डॉक्टरला मोकळा वेळ तेव्हाच मिळतो. बहुतेक ठिकाणी किल्ली एका लिपिकाकडे असते आणि तो पाचला घरी जातो.

तपासण्यांचेही तसेच. नवा डॉक्टर घाबरून जास्त तपासण्या लिहितो. रोजची यकृत-मूत्रपिंडाची तपासणी, गरज नसलेला सीटी. इथे उपाय निवासी डॉक्टरकडे नाही, तर शिक्षकाकडे आहे. संध्याकाळचा राउंड लेक्चररने स्वतः घेतला तर निम्म्या तपासण्या तिथेच रद्द होतात. शिक्षकांची पदे रिक्त ठेवून पगार वाचवला असे वाटते, पण तो पैसा रसायनांच्या आणि खाट-दिवसांच्या रूपाने दुसऱ्या दाराने बाहेर जातो.

निवासी डॉक्टर नसले तर काय होते, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. २०२१ ची पदव्युत्तर नीट ही प्रवेश परीक्षा एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली आणि जागावाटपाचे समुपदेशन जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. तोवर पहिल्या वर्षाची नवी तुकडीच नव्हती. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी ओढले, तेही कोरोनाच्या काळात. ओपीडीच्या रांगा, पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया, नोव्हेंबर-डिसेंबरमधली आंदोलने हे सगळे त्यातूनच आले. दरवर्षी छोट्या प्रमाणात हेच घडते : तिसरे वर्ष परीक्षेला बसते आणि पहिले वर्ष अजून आलेले नसते. ही फट कधी येणार हे आधीपासून माहीत असते. तेवढ्या महिन्यांसाठी हंगामी वैद्यकीय अधिकारी नेमण्याचा अधिकार अधिष्ठात्यांना द्यावा आणि त्याची तरतूद एप्रिलमध्येच करून ठेवावी.

उत्पन्नाचीही एक बाजू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या दाव्यांतून सरकारी रुग्णालयांना पैसा मिळतो. तो मिळण्याची वाट अशी : शिधापत्रिका आणि आधार पाहून आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला कर्मचारी) नोंदणी करतो. डॉक्टर तपासण्यांसह पूर्वमंजुरीची कागदपत्रे देतो. मंजुरीनंतर उपचार होतो. मग शस्त्रक्रियेची टिपणे, छायाचित्रे, इम्प्लांटचे स्टिकर आणि डिस्चार्ज कार्ड चढवले की दावा जातो. त्यावर शंका आली तर ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. वैद्यकीय कागद बहुतेक ठिकाणी निवासी डॉक्टरच तयार करतो. आणि दावा अडतो तो याच टप्प्यांवर : स्टिकर इंडोर पेपरवर (भरती रुग्णाच्या कागदांवर) चिकटवलेले नसते, टिपणात बाजू डावी आणि एक्स-रे उजव्या बाजूचा, डिस्चार्ज कार्डवर तारीख नाही. शंकेचे उत्तर द्यायचे असते तेव्हा तो जेआर दुसऱ्या वॉर्डात बदलून गेलेला असतो. दर दोन युनिटांमागे एक प्रशिक्षित दावा-लिपिक दिला तर तो आपला पगार अडकलेल्या दाव्यांतूनच काढील. आणि या दाव्यांतून विभागाला जे मिळेल त्याचा ठरावीक वाटा ग्रंथालय, सरावपेट्या आणि निवासी डॉक्टरांच्या खोल्यांसाठी राखून ठेवावा.

थकव्याचा हिशेबही रुपयांतच करू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जून १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरचे सलग काम सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तासांच्या आणि आठवड्याला ४८ तासांच्या पुढे जाऊ नये असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीने आकडा न देता ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द वापरले. वाजवी म्हणजे किती, हे त्यामुळे प्रत्येक विभागप्रमुखाच्या मर्जीवर राहिले. इमर्जन्सीचे चोवीस तास, त्यावर सकाळचा राउंड, त्यावर ओपीडी, अशा छत्तिसाव्या तासाला हाताला सुई टोचते. मग एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. त्यांच्या उलट्या-मळमळीत तो अर्ध्या क्षमतेने काम करतो. क्षयरोगाच्या वॉर्डात खेळती हवा नसेल आणि एन-९५ मास्क मोजून मिळत असतील, तर एखादा निवासी डॉक्टर स्वतःच रुग्ण होतो आणि काही आठवडे कामाबाहेर जातो. राज्याने आपल्या महाविद्यालयांपुरता तरी तासांचा आकडा लिहावा : सलग २४ तासांनंतर नव्या रुग्णाची जबाबदारी नाही, रुग्ण पुढच्याला सोपवायला फार तर तीन-चार तास, आणि त्यानंतर सुट्टी. हा नियम वर सांगितलेल्या १४ माणसांशिवाय चालणार नाही. नुसते परिपत्रक काढले तर लोक हजेरीपटावर खोटे तास लिहितील.

वाढीव जागांबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,००० पदव्युत्तर जागा वाढवण्याच्या योजनेला मान्यता दिली. त्यात प्रतिजागा खर्चाची मर्यादा १ कोटी ५० लाख रुपये आहे. या पैशातून इमारत उभी राहते, यंत्र येते. पण एका वाढीव जागेमागे तीन वर्षांत एकाच वेळी तीन निवासी डॉक्टर असतात : तीन विद्यावेतने, तीन खाटांची वसतिगृहातली जागा, मार्गदर्शक शिक्षक. हा दरवर्षीचा खर्च राज्याचा. वसतिगृह न वाढवता जागा वाढल्या तर दोघांच्या खोलीत चौघे राहतात, किंवा लोक बाहेर भाड्याने राहतात आणि रात्री बोलावल्यावर पोहोचायला अर्धा तास लागतो. प्रत्येक वाढीव जागेच्या प्रस्तावाला पुढच्या पाच वर्षांचा आवर्ती खर्चाचा तक्ता जोडल्याशिवाय वित्त विभागाने सही करू नये, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. इथे आम्ही वित्त विभागाच्या बाजूने आहोत.

असा हिशेब जगात कुठेच होत नाही असे नाही. अमेरिकेत वृद्धांसाठीची मेडिकेअर ही सरकारी विमायोजना शिकवणाऱ्या रुग्णालयांना दोन भागांत पैसे देते. एक भाग थेट खर्चाचा : विद्यावेतन, शिक्षकांचा वेळ. दुसरा अप्रत्यक्ष : शिकवण्यामुळे लागणारा जास्तीचा वेळ आणि तपासण्या, आणि तिथे येणारे अधिक गुंतागुंतीचे रुग्ण. दर १०० खाटांमागे १० निवासी डॉक्टर वाढले की रुग्णामागच्या देयकात सुमारे साडेपाच टक्के भर पडते. त्यांच्या चुकाही शिकण्यासारख्या आहेत. १९९७ च्या कायद्याने पैसे मिळणाऱ्या जागांची संख्या गोठवली, आणि नंतर वस्ती वाढलेल्या राज्यांना तिचा फटका बसला. अप्रत्यक्ष भर प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त आहे, असे त्यांच्याच सल्लागार आयोगाने काढून दाखवले. आपण ते सूत्र उचलू नये. खर्चाचे दोन भाग वेगळे लिहिण्याची पद्धत मात्र जरूर घ्यावी.

विद्यावेतन उशिरा मिळण्याबद्दलही लिहायला हवे, कारण यात एक रुपयाही वाढवून मागायचा नाही. पैसा अर्थसंकल्पात असतो, पण बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर अनुदान टप्प्याटप्प्याने सुटते. एप्रिल-मेमध्ये नव्या वर्षाचे वितरण व्हायचे असते, नवी तुकडी आली की वाढीव संख्येची मागणी वेळेत गेलेली नसते, आणि देयक कोषागारातून परत येते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते : रुजू झाल्याचा दिनांक जुळत नाही, बँक खात्याचे नाव आधारशी जुळत नाही, विभागाकडून हजेरी वीस तारखेनंतर आली. महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशीच बँक आणि आधार तपासून घ्यावे, हजेरी दर महिन्याच्या विसाव्या दिवशी बंद करावी आणि विद्यावेतनाचे अनुदान वेतनाप्रमाणे तिमाहीच्या सुरुवातीला सोडावे. दोन महिने थकले की काम बंदची नोटीस येते. एक दिवस नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या तर त्यातून जाणारे खाट-दिवस आणि दावे त्या विलंबाने वाचलेल्या व्याजाच्या कितीतरी पट असतात.

राहिले दोन विषय : जिल्हा निवासी कार्यक्रम आणि बंधपत्र. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमाने प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करतो. विद्यावेतन महाविद्यालय देते, सेवा सार्वजनिक आरोग्य विभागाला मिळते. म्हणजे तीस जणांच्या विभागातून वर्षाला दहा जण तीन-तीन महिने बाहेर, एकूण तीस मनुष्य-महिने, विद्यावेतनात साडेपंचवीस लाख. गडचिरोलीला सर्जरीचा जेआर मिळणे ही फार मोलाची गोष्ट आहे, याबद्दल दुमत नाही. पण तो गेल्यावर इथली जागा रिकामी राहते आणि तिथे त्याला राहायला खोली मिळेलच असे नाही. ज्या विभागाला सेवा मिळते त्याने निवास आणि प्रवास द्यावा आणि तेवढ्या महिन्यांच्या विद्यावेतनाची समायोजन नोंद महाविद्यालयाच्या खात्यात जमा करावी.

बंधपत्राचे तर नुकसान थेट दिसते. एमडी-एमएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा, नाहीतर ५० लाखांचा दंड. तीन वर्षे ज्याला शिकवले तो तज्ज्ञ निकालाच्या दुसऱ्या दिवशी कामाला तयार असतो. नेमणुकीचा आदेश मात्र रिक्त पदांची यादी जुळेपर्यंत लांबतो. तोवर तो दंडाच्या भीतीने दुसरीकडे पक्की नोकरीही धरू शकत नाही आणि शासनाच्याही उपयोगी पडत नाही. कधी भूलतज्ज्ञाची नेमणूक अशा रुग्णालयात होते जिथे भुलेचे यंत्र बंद आहे, तर कधी रेडिओलॉजिस्ट तिथे जातो जिथे सोनोग्राफीच्या नोंदणीचे नूतनीकरण झालेले नाही. परीक्षेच्या तीन महिने आधी रिक्त पदांची यादी प्रसिद्ध करा, तीत प्रत्येक पदासमोर यंत्र चालू आहे का, खोली आहे का, परिचारिका आहे का हे लिहा, पसंतीक्रम ऑनलाइन घ्या आणि निकालानंतर पंधरा दिवसांत आदेश द्या. एका तज्ज्ञाचे तीन महिने वाया जाणे म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी तीन महिने सिझेरियन न होणे, आणि ती बाई रुग्णवाहिकेत नागपूरच्या वाटेवर असणे.

आमची मागणी एका तक्त्यापासून सुरू होते. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने विभागवार पुढील रकाने भरावेत : निवासी डॉक्टरांची संख्या, विद्यावेतन, शिक्षकांच्या वेळेचा वाटा, वसतिगृहाचा खर्च, समोर त्यांनी सांभाळलेले रात्रपाळीचे तास, भरती रुग्ण, शस्त्रक्रिया, दाखल केलेले आणि मंजूर झालेले दावे, आणि तिसऱ्या बाजूला डॉक्टरची गरज नसलेल्या कामात गेलेले तास. हे शेवटचे तास मोजायला वर्षभराची पाहणी लागत नाही. एका विभागात दोन आठवडे, प्रत्येक पाळीत एक माणूस घड्याळ घेऊन उभा केला तरी पुरे. सुरुवात मेडिकल आणि मेयोच्या मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोग या विभागांपासून करावी, आणि जानेवारीत काम सुरू करून फेब्रुवारीअखेर, म्हणजे मार्चच्या अर्थसंकल्पाआधी, तक्ता आपल्या टेबलावर यावा.

आपले,
नागपुरातील वैद्यकीय शिक्षक, माजी निवासी डॉक्टर आणि रुग्णालयांच्या लेखा विभागांतील निवृत्त कर्मचारी